स्वरपरीक्षेला कोणता राग न्यायचा?

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न आमच्याकडे तीन-चार गावांतून आला. मुलगी तालुक्याच्या क्लासला शास्त्रीय गाणं शिकते, मध्यमाची परीक्षा झाली आहे, आता तिला आकाशवाणीची स्वरपरीक्षा द्यायची आहे. अर्जात रागांची यादी लिहायची आहे. काय लिहू? एका गावात तर प्रश्न मुलीचा नव्हता, तिच्या आईचाच होता. या ताई लग्नाआधी गाणं शिकल्या, मग पंधरा वर्षं पेटीवर कापड टाकून ठेवलं, आणि आता मुलं मोठी झाल्यावर पुन्हा बसायला लागल्या आहेत. म्हणून आज हप्ते, वसुली, ठरावाची वही बाजूला ठेवू आणि गाण्याबद्दल बोलू.

आम्ही गटाचं काम करणाऱ्या बायका. आमच्यातल्या दोघी-तिघी रीतसर शिकलेल्या, बाकीच्या भजनात टाळ धरणाऱ्या. गळा कसा फिरवायचा हे तुमच्या गुरूंनी सांगायचं. परीक्षेला काय न्यायचं आणि काय घरी ठेवायचं, एवढ्यापुरतंच आम्ही बोलणार आहोत, कारण आमच्या पाहण्यात मुली अडतात त्या इथेच. चांगला गळा असलेली मुलगी नको तो राग घेऊन जाते आणि परत येते.

परत येणं स्वस्त नसतं. अर्जाचे पैसे, एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्या माणसाचा बुडालेला रोज. पुन्हा अर्ज करायला काही महिने थांबावं लागतं. हे सगळं एक वेळ निभावतं. पण घरातून "झालं ना आता समाधान?" असं कोणी तरी म्हणतं, आणि त्या वाक्यानंतर किती पेट्या बंद झाल्या हे तुम्हालाही माहीत आहे. ज्या घरात एकदाच पाठवायची तयारी झालेली असते, तिथे पहिली निवड जपून करावी लागते.

आधी परीक्षा कशी असते ते पाहू. रेडिओवर गाणाऱ्यांची अशी परीक्षा देशभर लागू झाली ती बा. वि. केसकर मंत्री असताना. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं त्यांच्याकडे नभोवाणी खातं होतं. परीक्षा घ्यायला त्यांनी पंडित श्रीकृष्ण रातंजनकरांसारखे जाणकार बसवले. तेव्हा नाव मिळवलेल्या कलाकारांनाही परीक्षा द्यायला सांगितल्यामुळे बरीच नाराजी झाली होती. याच केसकरांनी रेडिओवरची सिनेमाची गाणी कमी केली आणि लोक रेडिओ सिलोन लावू लागले, ते आजीला विचारा, तिला आठवत असेल.

आजही परीक्षेचं मूळ रूप तेच आहे. गाणारी स्टुडिओत बसते, साथीला तंबोरा आणि तबला. परीक्षक समोर नसतात. ते दुसऱ्या खोलीत बसून ऐकतात आणि त्यांच्यापुढे नाव नसतं. साडी कोणती, हातवारे कसे, चेहरा हसरा आहे का, कोणत्या गावची, कोणाची मुलगी, यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पोचतो तो आवाज. एक राग आपल्या पसंतीचा गायचा असतो. मग आपण लिहिलेल्या यादीतला दुसरा एखादा राग ते सांगू शकतात, किंवा नुसता थोडा आलाप करून दाखव म्हणू शकतात. पास झाल्यावर श्रेणी मिळते. पहिली पायरी 'बी', मग 'बी हाय', मग 'ए', आणि सगळ्यात वर 'टॉप'. शास्त्रीय, सुगम आणि लोकसंगीत यांच्या परीक्षा वेगवेगळ्या असतात. अभंग, भावगीत चांगलं गाणारीनं सुगमचा अर्ज भरावा, जात्यावरच्या ओव्या आणि गवळणी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी लोकसंगीताचा. तो कमीपणा नाही. सुगमला सिनेमातलं गाणं मात्र चालत नाही, एवढं लक्षात ठेवा. आज आपण शास्त्रीयबद्दलच बोलतोय.

आता ती यादी. मुली यादी लिहितात ती क्लासच्या वहीवरून. प्रवेशिकेचे राग, मध्यमाचे राग, सगळे एकाखाली एक. वहीत पंचवीस राग असले की वाटतं, जितके जास्त लिहू तितकं वजन पडेल. पण यादीतला प्रत्येक राग म्हणजे "हा मला विचारा, मी गाऊन दाखवते" असं लेखी दिलेलं असतं. गटात आपण कर्ज मागताना हेच करतो ना? पन्नास हजारांची गरज आहे म्हणून कोणी दोन लाखांचा अर्ज करत नाही, कारण हप्ता आपल्यालाच भरायचा असतो. वहीत फक्त आरोह-अवरोह आणि एक बंदिश एवढाच ओळखीचा असलेला राग यादीत आला, आणि नेमका तोच विचारला, तर पसंतीचा राग चांगला गायलेलाही वाया जातो.

वर सांगितलेल्या त्या ताईंनी काय केलं ते सांगतो. वहीतले राग त्यांनी एकेक करून महिनाभर गाऊन पाहिले. कसोटी एकच ठेवली होती. वही न उघडता, पेटीवर आधी सूर न वाजवता, नुसत्या तंबोऱ्यावर पाच मिनिटं त्या रागात राहता येतं का? राहता आलं तर यादीत. महिन्याच्या शेवटी नऊ राग उरले. सकाळचे भैरव आणि अल्हैया बिलावल, दुपारचे वृंदावनी सारंग आणि भीमपलास, संध्याकाळचे भूप आणि यमन, रात्रीचे दुर्गा, बागेश्री आणि मालकंस. तोडी त्यांना फार आवडतो, पण तो निघाला. दरबारी निघाला. केदार, कामोद, हमीर, छायानट ही सगळी वाकडी वळणं घेत चालणारी मंडळी तर आधीच बाहेर गेली, कारण त्यांची चाल एकमेकांत शिरते आणि घाबरलेल्या माणसाला कामोद गाता गाता छायानटात कधी गेलो ते कळत नाही.

या यादीत आम्हाला आवडलेली गोष्ट म्हणजे तिच्यात दिवसाचे सगळे प्रहर आले. रेडिओला सकाळीही शास्त्रीय गाणं लावायचं असतं आणि रात्रीही. जिच्याकडे फक्त संध्याकाळचे राग आहेत तिला सकाळच्या कार्यक्रमाला कसं बोलावणार? क्लास बहुधा संध्याकाळी असतो, म्हणून मुलींचे यमन-भूप पक्के आणि सकाळचे राग कच्चे राहतात. त्यावर उपाय सोपा नाही. पहाटे उठून, पाणी यायच्या आधी, बसावंच लागतं.

अर्जात जेवढे राग मागितले असतील तेवढे मात्र द्यायलाच हवेत. आपले पक्के राग त्याहून कमी असतील तर आमचं मत स्पष्ट आहे, अर्ज पुढच्या खेपेला करा. संख्या भरायला कच्चे राग लिहू नका.

मग पसंतीचा राग कोणता? इथे घरच्या सगळ्यांना मत असतं. वडिलांना वाटतं भारदस्त काही तरी हवं. क्लासमधल्या मैत्रिणी म्हणतात, "यमन? अगं, तो तर पहिल्या वर्षाचा!" एका मुलीनं याच दडपणाखाली दरबारी कानडा नेला होता. दरबारी हा तानसेनाच्या नावाशी जोडलेला, रात्री उशिराचा, खालच्या सप्तकात रेंगाळणारा राग. त्याचा गंधार हा एका जागी ठेवलेला सूर नसतो. तो हळूहळू झुलवावा लागतो, आणि तो झोका वर्षानुवर्षं ऐकून-गाऊन गळ्यात बसतो. सतरा वर्षांची पोर, आवाज उंच आणि बारीक, खालच्या पट्टीत फुंकर मारल्यासारखा सूर लागायचा. तिचा बिहाग ऐकला असता तर कोणीही मान हलवली असती. पण तो घरीच राहिला.

उलट बाजूही खरी आहे. पहिल्या वर्षी शिकवला म्हणजे सोपा, असं धरून चालू नका. भूप घ्या. सा रे ग प ध, पाचच सूर, लहान मुलंही म्हणतात. पण हेच पाच सूर घेऊन सकाळचा देसकार उभा राहतो. भूप गंधाराभोवती फिरतो, खालच्या अर्ध्यात रमतो. देसकाराचा जीव धैवतात आणि वरच्या अर्ध्यात. भूप गाताना मुलगी तीन-चारदा धैवतावर जाऊन बसली की दुसऱ्या खोलीतल्या माणसाला देसकार दिसायला लागतो. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचंही तसंच, सूर तेच, पंचम तिघांतही नाही. पूरिया खाली उतरतो, सोहनी वर चढून बसते, मारवा मधे ऋषभ आणि धैवताला धरून राहतो. पीठ एकच असतं, थापलं तर भाकरी आणि लाटलं तर पोळी. म्हणून आम्ही मुलींना विचारतो, तुझ्या रागाचा शेजारी कोण आणि तू त्याच्या दारात कुठे जाऊ शकतेस? याचं उत्तर चटकन देता आलं तर तो राग न्यायला हरकत नाही.

यमनाबद्दल दोन शब्द. त्याला नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं आठवावं की मोठमोठे गवई जन्मभर यमन गात आले आहेत. सात सूर, मध्यम तीव्र, तिन्ही सप्तकांत फिरायला मोकळा. ज्याला जेवढं येतं तेवढं त्यात मावतं. घाई न करता गायलेला स्वच्छ यमन ऐकून कोणी परीक्षक "एवढंच?" म्हणत असेल असं आम्हाला वाटत नाही. किराणा घराण्यात तर मोजके राग घेऊन ते घोळून घोळून, एकेका सुरावर थांबत गायची रीतच आहे. दुसरीकडे जयपूर घराण्यात जोडराग आणि फारसे ऐकू न येणारे राग मानानं गायले जातात. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या त्या परंपरेतल्या, दोघीही मूळच्या गोव्याच्या. पण त्यांच्यासारखा अवघड राग घ्यायचा तर त्यांच्यासारखी तालीमही पाठीशी हवी. आठवड्यातून दोन दिवसांच्या क्लासवर तो भार टाकू नये.

राग ठरवण्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी, ती म्हणजे पट्टी. क्लासमध्ये वीस मुली एकत्र गातात, तेव्हा सगळ्यांना एकच पट्टी, बहुतेक वेळा काळी चार. सरांची सोय असते, त्यात त्यांचा दोष नाही. पण परीक्षेला मुलगी एकटी गाणार आहे. तिचा आवाज काळी पाचला खुलतो की पांढरी पाचला की अगदी काळी दोनला, हे घरी पाहिलं पाहिजे. खाली मंद्र पंचम ऐकू येण्याइतका लागावा आणि वर तार गंधारापर्यंत मानेच्या शिरा न ताणता जाता यावं, ती आपली पट्टी. बायकांनी उंचच गायला हवं असा कुठे नियम आहे?

या बाबतीत गंगूबाई हनगल यांचं उदाहरण आम्ही नेहमी देतो. त्या १९१३च्या, धारवाडकडच्या. हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकल्या. त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर 'गांधारी' असं नाव छापलेलं असे आणि त्यांत आवाज बारीक, उंच आहे. पुढे घशाचं दुखणं झालं, उपचार झाले, आणि आवाज जड झाला, इतका की न पाहता ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटावं. दुसरी कोणी गाणं सोडून बसली असती. त्यांनी पट्टी खाली आणली, त्या आवाजाला शोभेल असं गाणं गायलं, आणि गंगूबाई म्हणून देश ज्यांना ओळखतो तो हाच आवाज. २००९मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांचं वय नव्वदीच्या पुढे होतं.

पट्टी कळली की रागही आपोआप चाळले जातात. जड, खाली भरणारा आवाज असेल तर पूरिया, मालकंस, तयारी असेल तर दरबारीसुद्धा. उंच, हलका आवाज असेल तर वरच्या अंगात रमणारे राग जवळ करावेत. आणि हे पाहताना चांगला दिवस धरू नका. शेतातून आल्यावर, खळ्यावरची धूळ घशात गेल्यावर, रात्रीचं जागरण झाल्यावर गाऊन पाहा. काहींना पाळीच्या दिवसांत आवाज जड आणि वरचा सूर अवघड वाटतो. बोलायला संकोच वाटतो, पण परीक्षेची तारीख आपलं कॅलेंडर पाहून येत नाही. त्या दिवशीही जो राग उभा राहील, तो पसंतीचा.

आता वेळेचा हिशेब, तो मांडायला आपल्याला आवडतो. समजा दहा मिनिटं मिळाली. विलंबित ख्याल एकतालात, म्हणजे एका आवर्तनाला बारा मात्रा. एकेक मात्रा चार सेकंदांची असेल इतकी संथ लय धरली तर एक आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचं. दहा मिनिटांत साडेबारा आवर्तनं. त्यात स्थायी दोनदा, अंतरा एकदा, आणि छोटा ख्याल तर अजून राहिलाच आहे. म्हणजे आलाप करायला उरतात पाच-सहा आवर्तनं, आणि मुलगी अजून निषादापर्यंत पोचलेली नसते तोच थांबायची खूण होते. मोठ्या गायकांची तासाभराची ध्वनिफीत ऐकून तीच लय उचलली की हे होतं. मात्रा अडीच सेकंदांची केली तर आवर्तन अर्ध्या मिनिटाचं. सात मिनिटांत चौदा आवर्तनं मिळतात. तेवढ्यात राग खालून वर चढतो, अंतरा होतो, थोडे बोल आणि आलाप होतात. उरलेल्या तीन मिनिटांत तीनतालातला छोटा ख्याल. द्रुत तीनतालाचं आवर्तन आठ सेकंदांचं धरलं तर बावीस आवर्तनं येतात, मोजक्या सरळ ताना घ्यायला पुरेशी. सुरुवातीपासून मध्यलय झपताल किंवा रूपकातली बंदिश घेणंही चांगलं, विलंबित अजून हाताशी आलेला नसेल त्यांनी तर जरूर विचारावं की ते चालेल का.

थोडक्या वेळात राग कसा मांडायचा हे शिकायचं असेल तर जुन्या तबकड्या ऐका. त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावत. हिराबाई बडोदेकर, केसरबाई, गंगूबाई यांनी तेवढ्यात संपूर्ण वाटेल असा राग गाऊन ठेवला आहे. केसरबाईंची अशीच एक छोटी भैरवी १९७७मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात पाठवली गेली, साडेतीन मिनिटांच्या आसपासची. मोबाइलवर हे सगळं मिळतं. मुलीला एकदा मात्रा मोजत ऐकायला लावा. पहिल्या मिनिटात काय झालं, अंतरा केव्हा आला, तान कुठे सुरू झाली, हे वहीत लिहून काढलं की बरंच समजतं.

बंदिशीच्या शब्दांकडे फार कमी मुली पाहतात. शब्द बहुधा ब्रज भाषेतले, तोंडपाठ केलेले, अर्थ माहीत नाही. अर्थ विचारून घ्या. कितीतरी बंदिशींत सासू-नणंदेची गाऱ्हाणी आहेत, पैंजण वाजतील आणि घरातले जागे होतील ही धास्ती आहे, आपल्याला समजावून सांगायची गरज पडू नये. आणि उच्चार! मराठीत आपण 'जाग' म्हणतो तेव्हा जीभ दातांजवळ असते, 'जहाज'मधल्यासारखी. हिंदीतला 'जा' 'जीव'मधल्या 'ज'सारखा, टाळूला लागतो. 'च'चंही तसंच, 'चमचा'तला 'च' वेगळा आणि 'चिमणी'तला वेगळा. रेडिओवर हे लगेच कळतं, कारण ऐकणाऱ्याला दुसरं पाहायला काही नसतं. दोन बंदिशींत निवड करायची वेळ आली तर जिच्या समेवर 'आ'सारखा मोकळा स्वर येतो ती घ्यावी, असं आमच्यातल्या शिकलेल्या सांगतात. समेवर 'इ' आली की नवख्या गळ्याचा आवाज चिमटतो.

पेटीबद्दलही सांगायला हवं. रेडिओनं १९४०मध्ये पेटीवर बंदीच घातली होती, ती १९७१पासून सैल होत गेली. बंदी योग्य होती का, यावर जाणकार अजून भांडतात, आपल्याला त्यात पडायचं नाही. पण कारण समजून घेण्यासारखं आहे. पेटीची पट्टी दाबली की सूर एकाच जागी वाजतो. तोडीचे कोमल ऋषभ-गंधार किंवा दरबारीचा झुलता गंधार त्या पट्टीत सापडत नाहीत. पेटी वाजवत शिकलेल्या मुलीला पेटी काढून घेतली की जमीन सरकल्यासारखं वाटतं. यासाठीच वर सांगितलेली नुसत्या तंबोऱ्याची कसोटी. मोबाइलवरचा तंबोरा चालेल. फक्त एक सवय लावा. मालकंसात पंचम नाही, तिथे तंबोरा मध्यमाला लावायचा असतो. यमन संपवून मालकंस विचारला तर हे सांगता आलं पाहिजे, नाही तर पंचम मागे वाजत राहतो आणि राग बसतच नाही.

तबल्याचंही असंच. मोबाइलमधला तबला कधी चुकत नाही आणि कधी पुढेही जात नाही. समोर माणूस बसला की ठेका भरून वाजतो, आणि ज्या मुलीनं मोबाइलवर 'धिं' कुठे येतो तेवढंच धरून ठेवलं आहे ती सम हरवते. गावातल्या भजनी मंडळाचे पखवाजवाले काका मदत करायला तयार असतात, पण त्यांचा हात भजनी ठेक्याचा. तालुक्याला तबल्याचा क्लास असेल तर तिथल्या विद्यार्थ्यासोबत चार-पाच बैठका होतील असं बघा. दोन-तीन गटांच्या मुली एकत्र आल्या तर खर्चही वाटला जातो. झुमरा, तिलवाडा, आडाचौताल हे ताल अशा तालमीशिवाय परीक्षेला नेऊ नका. एकताल, तीनताल, झपताल पुष्कळ झाले.

"आम्हाला रागातलं काय कळतंय?" असं आया म्हणतात. कळायची गरज नाही. परीक्षक जसे दुसऱ्या खोलीत बसतात तसं तुम्ही स्वयंपाकघरात बसा, मुलीला ओसरीवर बसवा, आणि तिला दोन राग दहा-दहा मिनिटं गायला सांगा. तुम्ही भाकरी थापत राहा. कोणत्या रागाला हात थांबला? कुठे लक्ष दुसरीकडे गेलं? कुठे वाटलं की पोरगी घाबरली, श्वास अपुरा पडला, किंवा घाई करतेय? हे तिला सांगा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना तिथे बसवा. चार जणींनी एकच राग सांगितला तर सरांना जाऊन तसं सांगायला मुलीला बळ येतं. मुली गुरूंपुढे "हा राग माझा अजून बसला नाही" असं म्हणत नाहीत, तो उद्धटपणा वाटतो. आई सोबत गेली तर बोलणं सोपं होतं. आमचा अनुभव असा की बरेचसे शिक्षक उलट खूश होतात, त्यांनाही मुलगी पास व्हायला हवीच असते.

अर्ज पोस्टात टाकण्याआधी यादीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि एक प्रत मोठ्या अक्षरात लिहून तंबोऱ्याच्या किंवा पेटीच्या वर भिंतीला चिकटवा. बोलावणं यायला वेळ लागतो, तोवर आपण काय लिहिलं होतं हे विसरायला होतं. रोज त्यातला एक राग, यादीच्या क्रमानं नाही, तर घरातल्या धाकट्या पोराला डोळे मिटून बोट ठेवायला सांगायचं, आणि ज्या नावावर बोट पडेल तो.